प्रोग्राममधील चुका दडपायला शिकवू नये

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन अर्ज भरताना ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच संदेश पडद्यावर येतो आणि फोटोचा आकार मोठा आहे की सर्व्हरच बंद आहे हे अर्जदाराला कळत नाही, हा अनुभव बहुतेक वाचकांना असेल. यामागे पुष्कळदा प्रोग्राम लिहिणाऱ्याची एक सवय असते आणि ती वर्गातच लागते, म्हणून हे पत्र.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चूक घडली की एक्सेप्शनचे ऑब्जेक्ट, म्हणजे त्या चुकीची माहिती साठवणारी वस्तू, तयार होते. चूक कोणत्या प्रकारची, हे त्याच्या क्लासवरून, म्हणजे वर्गवारीवरून, समजते. शिवाय फाइल सापडली नसेल तर तिचे नाव, ऑपरेटिंग सिस्टिमने त्या चुकीला दिलेला क्रमांक आणि कोणकोणत्या फंक्शनमधून जात प्रोग्राम कोणत्या ओळीवर थांबला याचा सगळा माग त्याच ऑब्जेक्टमध्ये असतो. 2012 साली आलेल्या 3.3 आवृत्तीपासून तर फाइल नसणे आणि ती उघडण्याची परवानगी नसणे यांसाठीही स्वतंत्र क्लास आहेत. इतकी माहिती हाताशी असताना अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांना नुसते ‘एक्सेप्ट’ (चूक पकडा) आणि त्याखाली ‘पास’ (काही न करता पुढे जा) लिहायची सवय लावली जाते, कारण मग प्रात्यक्षिकात चूक दाखवणारी लाल अक्षरे दिसत नाहीत. क्लासचे नाव न देता लिहिलेले हे ‘एक्सेप्ट’ फाइलच्या चुकीबरोबर व्हेरिएबलच्या नावातली स्पेलिंगची चूकही लपवते. इतकेच नव्हे, तर प्रोग्राम थांबवण्यासाठी दाबलेले कंट्रोल-सीसुद्धा अडवते. हे शिक्षण मला घातक वाटते.

चुकीचे उत्तर देत चालू राहण्यापेक्षा प्रोग्राम थांबलेला बरा. जिथे खरोखर काही उपाय करता येतो तिथेच, आणि नेमक्या त्याच क्लासचे एक्सेप्शन पकडावे. तीच चूक वेगळ्या शब्दांत पुढे कळवायची असेल तर एक्सेप्शन पुढे पाठवणाऱ्या ‘रेझ’ या आज्ञेसोबत ‘फ्रॉम’ वापरावे, म्हणजे मूळ ऑब्जेक्ट नव्याला जोडलेले राहते आणि शोध घेणाऱ्याला खरे कारण सापडते. संपूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे चुकीचा वर सांगितलेला माग, मात्र सर्व्हरच्या लॉगमध्येच (नोंदींच्या फाइलमध्येच) जावा. तो अर्जदाराला दाखवला तर यंत्रणेची अंतर्गत रचना उघडी पडते. अर्जदाराला ‘फोटो ठरलेल्या आकारापेक्षा मोठा आहे’ एवढे साधे वाक्य पुरते.

प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी मुद्दाम नसलेल्या फाइलचे नाव द्यावे आणि त्यावर प्रोग्राम काय सांगतो, याला गुण ठेवावेत, अशी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे.

– एक संगणक शिक्षक, नाशिक