मोकळा पैसा किती महिने पुरेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादी नाट्यसंस्था, संगीतसभा किंवा कलादालन बंद पडले की बातमीत एक वाक्य हमखास असते : ‘प्रेक्षकांनी पाठ फिरवली.’ काळ बदलला, करमणूक हातातल्या पडद्यावर आली, हे सगळे खरेच आहे. पण ना-नफा तत्त्वावर चालणारी कला-संस्था ज्या दिवशी कुलूप लावते, त्या दिवशीही पुष्कळदा तिच्या खात्यात पैसे असतात. पगाराला मात्र त्यातले काही वापरता येत नाही. असे का होते आणि ते वेळीच कसे ओळखावे, हे विश्वस्त, सभासद आणि देणगीदार यांना कळायला हवे, म्हणून हे पत्र.

आधी तुटीबद्दल. प्रयोगाचा खर्च तिकिटांतून निघत नाही याला संस्थेची उधळपट्टी जबाबदार आहे, असा समज फार पसरलेला आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच त्याचे मूळ दाखवून दिले. चार वादकांची चाळीस मिनिटांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसे आणि चाळीस मिनिटे लागत होती, आजही तेवढीच लागतात. कारखान्यात यंत्रे सुधारतात, एका माणसाच्या हातून तासाला अधिक माल निघतो, त्यामुळे पगार वाढले तरी वस्तू त्या प्रमाणात महागत नाही. वादकाचे मानधन मात्र इतरांच्या पगाराबरोबर वाढवावेच लागते, नाहीतर तो दुसरे काम धरतो. म्हणजे संस्था कितीही काटकसरीने चालवली तरी खर्च आणि तिकीटविक्री यांतले अंतर वर्षागणिक वाढतच राहते. ते देणग्या आणि अनुदाने यांनी भरायचे असते, आणि खरी अडचण तिथेच आहे. हे पैसे आता बहुतेक वेळा अटीसह येतात.

लेखापरीक्षणाच्या भाषेत याला बंधित आणि अबंधित निधी म्हणतात. नव्या नाटकासाठी मिळालेले अनुदान, शिष्यवृत्तीची ठेव, कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या पुरस्काराची रक्कम हा सगळा बंधित निधी. दिलेल्या कामाशिवाय तो कुठेही वापरता येत नाही. संस्थेचे आयुष्य ठरते ते अबंधित, म्हणजे मोकळ्या पैशावर. तो किती आहे हे ताळेबंदातून दहा मिनिटांत काढता येते.

समजा, देणी वजा जाता संस्थेची एकूण शिल्लक २०० आहे. त्यातून ९० चा बंधित निधी काढा, ११० उरतात. त्यातले ८० दिवे, ध्वनियंत्रणा, वाद्ये आणि कार्यालयातले सामान यांत अडकलेले आहेत. ते विकून भाडे भरता येत नाही, म्हणून तेही वजा करा. (ही उपकरणे कर्जाने घेतली असतील तर फेडायचे राहिलेले कर्ज या ८० मधून आधी वजा करावे, कारण एकूण शिल्लक काढताना ते एकदा वजा झालेलेच आहे.) उरले ३०. घसारा (रोख न जाता फक्त हिशेबात दाखवलेली सामानाच्या किमतीतली घट) सोडून वर्षाचा खर्च १८० असेल, तर महिन्याचा १५. म्हणजे दोन महिने. वार्षिक सभेत २०० हाच आकडा वाचला जातो आणि संस्थेकडे तेरा महिन्यांचा पैसा आहे, असे समजून सभासद समाधानाने घरी जातात. माझ्या मते, ‘मोकळा पैसा किती महिने पुरेल’ हा आकडा दर बैठकीच्या इतिवृत्तात पहिल्या ओळीवर असावा. संचालक बदलला, विश्वस्त बदलले तरी ती ओळ तिथून हलू नये.

मोकळा पैसा सर्वांत वेगाने संपतो तो अनुदान मिळाल्यावर, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. एखाद्या प्रकल्पाचा थेट खर्च १०० आहे : कलाकार, नेपथ्य, प्रवास, छपाई. त्याच प्रकल्पासाठी कार्यालयाची जागा, हिशेबनीस, वीज, लेखापरीक्षण, संचालकाचा वेळ असा आणखी १८ खर्च होतो. देणगीदार प्रशासकीय खर्चापोटी ५ देतो. उरलेले १३ मोकळ्या पैशातून जातात. असे पाच प्रकल्प एका वर्षात मिळाले तर वर्तमानपत्रात कौतुक होते आणि तिजोरीतून ६५ गेलेले असतात. म्हणून अर्ज लिहिताना प्रत्येक प्रकल्पाचा पूर्ण खर्च मांडावा. प्रत्येक माणसाचे किती तास त्यात जातील ते लिहून त्या प्रमाणात पगार, भाडे आणि इतर खर्च वाटून द्यावा. तरीही तूट राहत असेल, तर ती कुठल्या देणगीतून भरायची हे होकार देण्याआधी ठरवावे. ते ठरत नसेल तर अनुदान नाकारावे. हा निर्णय फार जिवावर येतो, पण तो घेण्याचे धैर्य संचालकाला विश्वस्तांनी दिले पाहिजे.

न्यूयॉर्क सिटी ऑपेरा ही १९४३ पासून चालत आलेली, परवडणाऱ्या तिकिटांसाठी नावाजलेली संस्था. २००८-०९ च्या हंगामात नाट्यगृहाच्या नूतनीकरणामुळे तिचा रंगमंच बंद राहिला. तिकिटांचे उत्पन्न थांबले, पण कायमस्वरूपी खर्च चालूच राहिला. पुढे कायम निधीतून, म्हणजे मुद्दल राखून फक्त उत्पन्न वापरायच्या ठेवीतून, मोठी रक्कम काढण्याची परवानगी घेण्यात आली. कायम निधी आटला की त्यावरचे उत्पन्नही आटते, म्हणजे आजची तूट भरताना उद्याची वाढते. ऑक्टोबर २०१३ मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. कायम निधीला हात लावावा लागणे हीच धोक्याची शेवटची घंटा असते, आणि ती वाजेपर्यंत बहुतेक उपाय हातातून गेलेले असतात.

वर्षाचे अंदाजपत्रक ही घंटा वेळीच वाजवू शकत नाही, कारण ते जमा आणि खर्च सांगते, तारखा सांगत नाही. त्यासाठी तेरा आठवड्यांचा रोखीचा तक्ता हवा. आडवे तेरा आठवडे मांडायचे. उभ्या ओळींत सुरुवातीची शिल्लक, नक्की येणारी रक्कम, बहुधा येणारी रक्कम, द्यायची रक्कम आणि अखेरची शिल्लक. दर सोमवारी गेलेला आठवडा खोडायचा आणि शेवटी नवा जोडायचा. ‘बहुधा’ या ओळीतले पैसे शिल्लकेत धरायचे नाहीत. या तक्त्यात ठरावीक चुका होतात. अनुदान मंजुरीच्या महिन्यात लिहिले जाते, खात्यात ते कित्येक महिन्यांनी येते. शेवटचा हप्ता अहवाल सादर केल्यावरच मिळतो, म्हणजे तेवढा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करावा लागतो, हे विसरले जाते. विम्याचा हप्ता आणि लेखापरीक्षकाचे शुल्क वर्षातून एकदाच येते, म्हणून ते तक्त्यात येतच नाही.

सर्वांत मोठी चूक आगाऊ तिकीटविक्रीची. प्रयोग होईपर्यंत तो पैसा प्रेक्षकांचे देणे असतो. मार्च २०२० मध्ये जगभरची नाट्यगृहे एकाएकी बंद झाली, तेव्हा हंगामी तिकिटांचे पैसे आधीच खर्चून बसलेल्या संस्थांना परतावा देता येईना. त्यांना प्रेक्षकांपुढे ‘ही रक्कम देणगी समजा’ अशी विनंती करावी लागली. पुष्कळांनी ती मानली हे प्रेक्षकांचे मोठेपण, पण त्यावर विसंबून संस्था चालवता येत नाही. हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा आणि प्रयोगानंतरच मुख्य खात्यात आणावा. आता तर प्रेक्षक शेवटच्या आठवड्यात तिकीट काढतात. त्यामुळे मागच्या तीन-चार प्रयोगांची विक्री सहा आठवडे, तीन आठवडे आणि दहा दिवस आधी किती झाली होती हे लिहून ठेवावे. नव्या प्रयोगाची तुलना त्या आकड्यांशी केली तरच घाबरायचे की थांबायचे हे कळते.

प्रेक्षक थोडा कमी झाला तर काय बिघडते, असे विश्वस्त विचारतात. एक निर्मिती उभी करायला ३०० लागले. प्रत्येक प्रयोगाला कलाकार, भाडे, वाहतूक यांसाठी ४० लागतात. ७० टक्के खुर्च्या भरल्या तर ६० मिळतात, म्हणजे प्रयोगामागे २० सुटतात आणि पंधरा प्रयोगांत निर्मितीखर्च वसूल होतो. भरलेल्या खुर्च्या ५५ टक्क्यांवर आल्या की ४७ मिळतात, सुटतात फक्त ७, आणि वसुलीला त्रेचाळीस प्रयोग लागतात. खुर्च्या जेमतेम पाचव्या हिश्शाने घटल्या आणि प्रयोगांची गरज जवळजवळ तिप्पट झाली. निर्मिती ठरवताना हा हिशेब आशावादी, मध्यम आणि वाईट अशा तिन्ही आकड्यांनी करावा, आणि वाईट आकड्यालाही संस्था तगेल तरच पडदा उघडावा.

कपात करायची वेळ आलीच तर ‘सगळ्यांत दहा टक्के’ हा सोपा तोडगा टाळावा. त्याने तालमी कमी होतात, नेपथ्य उतरते, जाहिरात आखडते आणि सगळे प्रयोग सारखेच फिके पडतात. त्यापेक्षा एक निर्मिती पूर्ण रद्द करून बाकीच्या नीट कराव्यात. देणग्या गोळा करणारा आणि तिकीटखिडकी सांभाळणारा माणूस पहिल्या फेरीत कमी करू नये, कारण पैसा त्यांच्याच हातून येतो. कलाकारांचे मानधन थकवणे तर कधीच करू नये. ते बिनव्याजी कर्जच असते, आणि ते अशा माणसांकडून घेतलेले असते ज्यांच्याकडे शिल्लक सर्वांत कमी.

राखीव निधीबद्दल थोडेसे. तीन महिन्यांचा खर्च हे नेहमी सांगितले जाणारे उद्दिष्ट. ‘वर्षाअखेर उरेल ते राखीव’ असे म्हटले की काही उरत नाही, म्हणून राखीव निधीची रक्कम अंदाजपत्रकात भाड्यासारखी खर्चाच्या बाजूला लिहावी. वर्षाच्या खर्चाच्या २ टक्के बाजूला टाकले तर तीन महिन्यांचा निधी जमायला साडेबारा वर्षे लागतात, ५ टक्क्यांनी पाच. आकडा कठोर आहे, पण तो माहीत असलेला बरा. निधी कोणाच्या सहीने निघेल, कोणत्या कारणासाठी आणि किती महिन्यांत परत भरला जाईल, याचा ठराव निधी जमण्याआधी करावा. अडचणीच्या रात्री केलेला ठराव नेहमी सैल असतो.

संस्थापक किंवा दीर्घकाळचा संचालक जातो तेव्हाही फटका बसतो तो पैशालाच. कुणा देणगीदाराला काय शब्द दिला होता, अहवालांच्या तारखा, ध्वनिमुद्रणांच्या हक्कांचे करार, खात्यांचे परवलीचे शब्द हे सारे एकाच डोक्यात असते. ते एका पानावर लिहून दोन विश्वस्तांकडे असावे आणि दर सहा महिन्यांनी तपासावे.

आकडे लपवण्याची सवयही सोडली पाहिजे. सॅन दिएगो ऑपेराच्या विश्वस्तांनी मार्च २०१४ मध्ये संस्था बंद करण्याचा ठराव केला. कर्मचाऱ्यांना आणि सभासदांना तो पूर्ण अनपेक्षित होता. लोक चिडले, मग एकत्र आले, पैसे उभे राहिले, विश्वस्त मंडळात बदल झाले आणि काही आठवड्यांत ठराव मागे घेतला गेला. खर्च कमी करून संस्था पुढे चालू राहिली. ही मदत करायला तयार असलेली माणसे ठरावाआधीही तिथेच होती, त्यांना कुणी आकडे सांगितले नव्हते.

आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती. कला-संस्थेची बातमी देताना प्रेक्षकसंख्येबरोबर मोकळा पैसा किती महिन्यांचा आहे, हेही वार्ताहराने विचारावे. आणि जे वाचक देणगी देतात त्यांनी धनादेशासोबतच्या पत्रात एवढेच लिहावे : ‘ही रक्कम संस्थेने तिला योग्य वाटेल त्या कामासाठी वापरावी.’

आपला,
एक वाचक