समीकरण जुळले, पण अभिक्रिया झाली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुहेरी विस्थापन शिकवताना फळ्यावर बहुधा एवढेच होते: दोन सूत्रे, आयनांची (विद्युतभारित कणांची) अदलाबदल आणि संतुलन. या रीतीने विद्यार्थी सोडिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम नायट्रेटचेही समीकरण बिनचूक लिहितो. परीक्षानळीत मात्र काहीच घडत नाही, चारही आयन पाण्यात मोकळेच राहतात. म्हणून प्रयोगाच्या तासाला अवक्षेप (द्रावणातून वेगळा होणारा न विरघळणारा पदार्थ) देणाऱ्या जोडीशेजारी ही न देणारी जोडीही ठेवावी, अशी आमची कळकळीची सूचना आहे.

अवक्षेपासाठी लेड नायट्रेट टाळावे. लेड आयोडाइडचा पिवळाधमक रंग मोहक खरा, पण शिसे विषारी. ते बेसिनमध्ये ओतता येत नाही. त्याऐवजी निर्जल कॅल्शिअम क्लोराइड 1.11 ग्रॅम आणि निर्जल सोडिअम कार्बोनेट 1.06 ग्रॅम घेऊन प्रत्येकाचे ऊर्ध्वपातित पाण्यात 100 मिली द्रावण करावे. बाटलीवर कॅल्शिअम क्लोराइडच्या सूत्रात पाण्याचे दोन रेणू दाखवले असतील, तर ते 1.47 ग्रॅम लागेल. ही चूक फार होते. दोन्ही द्रावणे 10-10 मिली एकत्र करताच पांढरा कॅल्शिअम कार्बोनेट दिसतो. हिशेबाने तो 0.1 ग्रॅम. गाळून, धुऊन, पूर्ण सुकवून वजन करावे. जास्त भरले तर ओल राहिली किंवा धुताना मीठ निघाले नाही. कमी भरले तर कॅल्शिअम क्लोराइडने बाटलीतच हवेतली वाफ शोषली होती, नाहीतर बारीक कण गाळण कागदातून निसटले.

आता समीकरण लिहू द्यावे, आणि तेही फक्त कॅल्शिअम आणि कार्बोनेट आयनांचे. सोडिअम व क्लोराइड सुरुवातीला होते तसेच शेवटी गाळलेल्या पाण्यात असतात.

सिल्व्हर नायट्रेट घालून, अवक्षेपावरून क्लोराइड ओळखण्याच्या परीक्षेतही हीच दृष्टी लागते. कार्बोनेटही सिल्व्हर नायट्रेटबरोबर अवक्षेप देते, म्हणून आधी विरल नायट्रिक आम्ल घालून ते काढून टाकायचे. तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तर शोधायचा आयन आपणच नळीत ओततो. नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट बनवले तरी तेच: पाण्यातल्या क्लोराइडने ते आधीच दुधाळ होते.

आपले,
रसायनशास्त्राचे दोन शिक्षक