ब्युनोस आयर्सच्या आजींना मनापासून थँक्यू

प्रिय आजी,
शिरसाष्टांग नमस्कार.

मराठीत लिहितेय, कारण मनातलं नीट याच भाषेत उतरतं, आणि तुमची नात म्हणालीच होती की फोनवर ट्रान्सलेट करून वाचून दाखवीन. सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण इथून तिकडे जाणाऱ्यांनाही कळू दे तुम्ही आमच्यासाठी काय काय केलंत.

खरं तर आपली ओळख कसली, तर आई आणि मी अर्जेंटिनाला फिरायला आलो तेव्हा त्या जुन्या जाळीच्या लिफ्टमधली. दोन्ही जाळ्या नीट ओढून लावल्याशिवाय ती हलत नाही हे तुम्ही आईला दाखवलंत, कुठून आलात विचारलंत, आणि इंडिया म्हटल्यावर लगेच टागोरांची गोष्ट काढलीत. 1924 साली पेरूला जाताना ते आजारी पडले आणि तुमच्याच शहरात थांबले, तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंनी त्यांची सान इसिद्रोला नदीकाठच्या घरात राहायची सोय केली, ही सगळी कथा आपण खाली पोचेपर्यंत तुम्ही सांगून टाकलीत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारात हजर, हातात तुमचं बस-मेट्रोचं सुबे कार्ड, म्हणे एकाच कार्डावर तिघींचं तिकीट निघतं, चला. अहो, आमच्याकडे सख्खे नातेवाईकसुद्धा पाहुण्यांना गुगल मॅपची लिंक पाठवून मोकळे होतात आता!

आईचे गुडघे दुखतात हे तुम्ही न सांगता ओळखलंत. आमच्या यादीत एका दिवसात सात ठिकाणं कोंबलेली होती, तुम्ही ती वाचलीत आणि घडी घालून सरळ पर्समध्ये ठेवून दिलीत. फार बरं केलंत. सुब्तेची ए लाईन, 1913 ची, दक्षिण अमेरिकेतली पहिली मेट्रो, तिच्या पेरू स्टेशनवर आपण उगाच बसून राहिलो, दोन गाड्या सोडल्या आणि तुम्ही जुन्या लाकडी डब्यांबद्दल सांगत होतात. जुन्या थिएटरमधलं ते एल आतेनेओ पुस्तकांचं दुकान, तिथं आईला बाल्कनीत बसवलंत आणि म्हणालात की आता मान वर करून छताचं चित्र बघा, घाई नाही. स्टेजवर जिथं नाटकं व्हायची तिथं आता कॅफे, लोक कॉफी पितायत. कामिनितोला मात्र दुपारीच नेऊन आणलंत, रंगीत पत्र्याची घरं बघून झाली की आजूबाजूच्या गल्ल्यांत फिरायचं नाही, बसनं थेट परत, हे दोनदा बजावलंत, अगदी आमच्या आजीच्या आवाजात.

आणि खाणं! निघायच्या आधी सगळे म्हणत होते अर्जेंटिना म्हणजे नुसतं बीफ, आईचं काय होणार. तुम्ही कोरियेंतेस रस्त्यावरच्या गर्दीच्या पिझ्झेरियात नेलंत, काउंटरला उभं राहून खायचं, आईपुरता एक स्टूल मिळवलात, भरपूर कांदा आणि चीजची फुगासेता मागवलीत आणि तिच्यावर फाइनाचा तुकडा ठेवलात. फाइना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची, तव्यावरच्या जाड धिरड्यासारखी, वर मिरपूड. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, अगं हे तर बेसन! त्यानंतर तिला जेवणाची काळजी अशी राहिलीच नाही, मक्याच्या एम्पानादा, म्हणजे त्यांच्या करंज्याच, तर ती पुण्यात आल्यावरही दोनदा करून झालीये.

पण खरे आभार मानायचेत ते गुरुवारचे.

प्लाझा दे मायो या चौकात आम्ही कासा रोसादासमोर, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी कचेरीसमोर, फोटो काढून निघणार होतो. तुम्ही म्हणालात, गुरुवारी साडेतीनला या. मधल्या पिरॅमिडभोवती फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेत ते तुम्ही दाखवलेत, आणि मग खऱ्याच पांढऱ्या रुमालातल्या म्हाताऱ्या बायका चालत आल्या. 1976 ते 1983 च्या लष्करी राजवटीत ज्यांची मुलं उचलून नेली आणि गायब केली त्या या आया. मानवाधिकार संघटना अशा गायब झालेल्यांचा 30,000 हा आकडा सांगतात. 1977 मध्ये त्या पहिल्यांदा इथं जमल्या तेव्हा पोलीस म्हणाले घोळक्यानं उभं राहायचं नाही, चालत राहा, म्हणून त्या चालायलाच लागल्या, अजून चालतायत. आणि ते डोक्यावरचे रुमाल म्हणजे सुरुवातीला बाळांची दुपटीच होती हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आईनं माझा हात घट्ट धरला. तुमच्या कॉलेजातली एक मैत्रीण त्या हरवलेल्यांत होती, एवढंच बोललात, पुढं मीही विचारलं नाही.

आईला म्हटलं तू बाकावर बस, तर ऐकेना. तुमचा दंड धरून ती चालली, दुखऱ्या गुडघ्यानं, तिला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही तरी लोक ओरडत होते त्याला 'प्रेसेंते', म्हणजे 'हजर', म्हणून साथ देत होती. मी मागून दोघींना बघत होते. हे आम्हाला कुठल्याही टूरवाल्यानं दाखवलं नसतं.

नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी जांभळ्या फुलांची जाकारांदाची झाडं बघावीतच, पण एक गुरुवार मोकळा ठेवा ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती.

आजी, आईनं निरोप दिलाय की डिसेंबरात या, पुण्यात तेव्हा छान गारवा असतो, राहायचं आमच्याचकडे. नातीलाही आणा. तुमचं माते, तो पानांचा चहा, इथं सहज मिळत नाही, ते तेवढं येताना घेऊन या, बाकी सगळं आमच्याकडे आहे.

तुमची पुण्याची लेक
(आणि आईचा वाकून नमस्कार)