मृग लागायच्या आत कपाट लाव

नौपाडा, ठाणे
मे अखेर

चि. ऋता,

अनेक आशीर्वाद.

घणसोलीच्या घराचे फोटो पाहिले. कपाट सरकत्या दारांचं आहे, म्हणजे एका वेळी अर्धंच उघडणार. अशा कपाटात सकाळची निम्मी शोधाशोध दारामुळेच होते: कुर्ता डावीकडे, लेगिंग उजवीकडे आणि दार सारखं इकडून तिकडे. म्हणून ऑफिसला लागणारं सगळं, अगदी आतले कपडे, मोजे, रुमालसुद्धा, एकाच अर्ध्यात ठेव. कुर्ते एकीकडे, जीन्स एकीकडे ही मांडणी दुकानात ठीक. तुझ्याकडे एक बाजू सोमवार ते शुक्रवारची, दुसरी बाकी सगळ्याची.

मृग लागायच्या आत एखादा कडक उन्हाचा दिवस बघ आणि सगळं बाहेर काढून पलंगावर टाक. रिकामं कपाट कोरड्या फडक्याने पूस, दारं उघडी टाकून दुपारभर वारा लागू दे. तोवर कपड्यांचे ढीग कर. वर्षभरात घातलं नाही ते देऊन टाका, असं सगळीकडे सांगतात. आपल्याकडे ते लागू पडत नाही, पैठणी वर्षातून एकदाच नेसली जाते. खरा त्रास वेगळ्याच कपड्यांचा असतो: हूक तुटलेला, काखेत उसवलेला, चेन अडकणारा. तो रोज हातात येतो, रोज परत जातो, आणि दांडी भरलेली असूनही घालायला काही नाही असं वाटतं. असे सगळे एका पिशवीत भरून पिशवी दाराशी टांग. टेलरकडे जाऊन येईपर्यंत त्यांना कपाटात जागा नाही.

आता मापं. टेप आतून लाव. हँगर साधारण सतरा इंच रुंद असतो, त्यावर बाह्यांचा फुगवटा, म्हणून टांगायला आत बावीस-चोवीस इंच खोली लागते. सरकती दारं त्यातले तीन-चार इंच खातात. वीसच इंच मिळत असतील तर बाह्या दारात अडकून काळ्या पडतील. मग कमी रुंदीचे हँगर घ्यावे लागतील. तुझा कुर्ता चव्वेचाळीस ते शेहेचाळीस इंच, त्यात हँगरचे चार, म्हणजे दांडीखाली सव्वाचार फूट मोकळे हवेत. शर्ट आणि टॉपला तीन फूट पुरतात, म्हणून एकाखाली एक दोन दांड्या फक्त त्यांच्यासाठी. कुर्त्यांखाली दुसरी दांडी बसवलीस तर सगळे कुर्ते खाली दुमडतील आणि इस्त्री फुकट. दांडी तीन फुटांपेक्षा लांब असेल तर मधे आधार आहे का बघ. नसेल तर ती वाकते आणि सगळे हँगर मधे घसरतात. तीन फुटांच्या दांडीवर पंचवीसच्या वर कपडे नकोत. पस्तीसही बसतील, पण एक ओढला की दोन खाली पडतात, आणि पावसाळ्यात हवाच खेळत नाही.

हँगर सगळे एकाच जातीचे घे. लाँड्रीतून येणारे तारेचे लगेच परत कर, ते गंजतात आणि खांद्याला टोक काढतात. मखमली पातळ हँगरवरून गळा घसरत नाही, जागाही कमी लागते. मात्र त्यावर ओला कपडा कधीही टांगू नकोस, रंग उतरतो.

ज्या कुर्त्याची सलवार आणि ओढणी ठरलेली आहे, ते तिन्ही एकाच हँगरवर: सलवार आडव्या दांडीवर, तिच्यावर ओढणी, आणि ओढणीला एक चिमटा, नाहीतर ती निसटून तळाशी जाऊन बसते. लेगिंग मात्र अनेक कुर्त्यांवर चालतात, त्यांना जोडीत अडकवू नकोस. उभ्या घड्या करून उथळ खोक्यात ठेव, म्हणजे सगळे रंग वरून दिसतात. थराखाली थर लावले की वरच्या दोनच वापरल्या जातात. काळी आणि नेव्ही ब्लू वेगवेगळ्या टोकांना. पिवळ्या दिव्यात त्या एकच दिसतात आणि चूक ऑफिसच्या पांढऱ्या उजेडात कळते.

धुऊन आलेला कपडा नेहमी डावीकडून टांगायचा, घालायचा तो उजवीकडून काढायचा. आज काय घालू हा प्रश्नच उरत नाही, आणि सगळे कपडे सारखे झिजतात. पावसाळ्यात कपडा वाळायला दोन दिवस धर, वर इस्त्रीवाल्याचा एक. म्हणून दांडीवर पाच नव्हे, आठ जोड फिरते हवेत. त्यातले चार घोट्याच्या वर राहणाऱ्या, पटकन वाळणाऱ्या पँटचे असू देत. पलाझो जून ते सप्टेंबर वरच्या कप्प्यात. घणसोलीहून ऐरोली दोनच स्टेशनं असली तरी पलाझोचा घेर स्टेशनबाहेरच भिजतो आणि दिवसभर एसीत पायाला चिकटतो.

एकदा घातलेला पण धुवायला न टाकलेला कपडा खुर्चीवर साठतो, कारण त्याला कुठेच जागा दिलेली नसते. कपाटाबाहेर भिंतीवर तीन हूक लाव. चौथा कपडा आला की एक धुवायला गेलाच पाहिजे. घामाचा कपडा आत परत टांगलास तर ओल आणि वास शेजारच्यांना लागतो, कसरही तिथूनच सुरू होते.

आता ओल. आपल्याकडे पावसाचा वारा नैऋत्येचा, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत सर्वांत जास्त भिजते. तुझं कपाट त्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून आहे का बघ. सुटं असेल तर दोन इंच पुढे ओढ. भिंतीतच बसवलेलं असेल तर मागच्या प्लायला कपडे टेकू देऊ नकोस, आणि खालच्या कप्प्यात मागच्या कोपऱ्यांना दर आठवड्याला हात लाव. बुरशी तिथून चढते. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की तिला आणखी काही लागत नाही, आणि जुलैत आपल्याकडे ती ऐंशीच्या वरच असते. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या चिमुकल्या पुड्या एवढ्या कपाटाला पुरत नाहीत. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते घे. त्यांच्यात पाणी साठतं, म्हणून तळाशीच ठेव. वरच्या फळीवर कलंडला तर ते पाणी चामड्याचा पट्टाही खराब करतं. इस्त्रीचा गठ्ठा आला की तासभर पंख्याखाली पसर, मगच आत. गरम घडीत वाफ असते. लेगिंग वाळली का ते कमरपट्टीला हात लावून ठरव, बाकीची आधीच वाळते.

साड्या दुसऱ्या अर्ध्यात, वरच्या बाजूला. रेशमी आणि जरीची साडी हँगरवर महिनोन्महिने नको, घडीवर जर चिरते. साड्या गुंडाळायला जांभळी नाक्याच्या बाजारातून मलमल आणली आहे. ती आधी दोनदा धू, खळ निघाली पाहिजे, कारण खळीला कसर येते. सुती साड्याही याच कारणाने बिनखळीच्याच ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत एकही साडी नको. दर तीन महिन्यांनी घडी बदल. ब्लाउज साडीच्या घडीत घालू नकोस. पावसाळ्यात हूक गंजतात आणि गंजाचा डाग रेशमावरून जात नाही. ब्लाउज वेगळ्या सुती पिशवीत, त्याच साडीखाली. परकर मात्र बरोबर चालेल.

डांबर गोळ्या फक्त या बाजूला, कपड्यात बांधून वरच्या कोपऱ्यात, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली उतरते. जरीला लागू देऊ नकोस. कापूर आणि डांबर गोळ्या एकत्र ठेवायच्या नाहीत. दोन्ही मऊ पडून पाघळतात आणि तेलकट डाग पडतात. ऑफिसच्या बाजूला एकही गोळी नको, तो वास ट्रेनमध्ये तुझ्या आधी पोचतो.

हे सगळं करायला एक रविवार पुरे, पण दांडीची उंची आणि आतली खोली मला आधी कळव. त्याप्रमाणे हँगर घेते आणि मलमलीबरोबर बाबांच्या हाती पाठवते. किती हवेत ते ढीग केल्यावरच मोज, आत्ता अंदाजाने सांगू नकोस.

तुझी,
आई