विषय: क्रेडिट ट्रान्सफरच्या नावाखाली घेतलेले 24,500 रुपये परत मिळणेबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,
पुणे ऑफिस

नमस्कार सर/मॅडम,

व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला की निळ्या टिका येतात पण उत्तर येत नाही, फोन लावला तर मुलगी म्हणते सिनियर कॉलबॅक करतील, अन् ते सिनियर काय कॉल करत नाहीत. म्हणून आता सगळं लेखी देते म्हणजे नंतर आम्हाला माहितच नव्हतं असं कोणी म्हणायला नको.

मी मूळची अहमदपूरकडची, सासर जालना. 2021-22 ला बी.ए. ला अॅडमिशन घेतलं, कॉलेज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं, विषय राज्यशास्त्र, इतिहास अन् मराठी. चार सेमिस्टर क्लिअर, एकही विषय बॅक नाही. मग लग्न झालं अन् तिसरं वर्ष राहूनच गेलं. आता इथं बियाण्याच्या कंपनीत डाटा एंट्री करते. तलाठी भरतीला पदवी लागते, शाखा कोणतीही चालते पण पदवी पाहिजे, अन् माझ्याकडं फक्त दोन वर्षांचे मार्कमेमो. अर्धवट पदवी पूर्ण करून देतो म्हणता, एवढ्यासाठी मी तुमच्या संस्थेकडं आले.

तुमच्या काउन्सेलरनं फोनवर सांगितलं की मॅडम तुमचे जुने सगळे क्रेडिट (पास झालेल्या विषयांसाठी खात्यावर धरले जाणारे अभ्यासाचे युनिट) आम्ही दुसऱ्या विद्यापीठात ट्रान्सफर करून देतो, राहिलेले ऑनलाइन परीक्षांमधून भरून काढू, कॉलेजला जायचं काम नाही, सहा महिन्यात पदवी हातात. पॅकेज 18,000, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या सरकारी खात्याचा नंबर) काढायचे 1,500 अन् दोन ऑनलाइन कोर्सच्या परीक्षेचे 5,000. यातले दहा हजार आत्याबाईंनी सोयाबीनच्या पट्टीतून काढून दिले, म्हणाल्या शिक शिक, पैसे काय परत येतील. त्या बाईला मी आता काय सांगू ते तुम्हीच सांगा.

पैसे भरल्यावर तुम्ही ‘क्रेडिट इव्हॅल्युएशन रिपोर्ट’ म्हणून एक पीडीएफ पाठवली. एकच पान. वर माझं नाव बरोबर, पीआरएन (विद्यापीठाचा विद्यार्थी नोंदणी) नंबर बरोबर, अन् खाली विषयांच्या रकान्यात फिजिक्स, मॅथेमॅटिक्स, केमिस्ट्री! मी बी.ए. ची, माझे मार्कमेमो तुमच्याकडं स्कॅन करून पाठवलेले, तरी कुण्या बी.एस्सी. च्या पोराचा रिपोर्ट घेऊन त्यावर माझं नाव टाकलं. खाली हिरव्या अक्षरात ‘एलिजिबल, 100 टक्के ट्रान्सफर’. हे मी कळवलं तर तिकडून उत्तर आलं की ते टायपिंग मिस्टेक आहे, निकालावर फरक पडत नाही. अहो विषयच दुसरे आहेत तर फरक कसा पडत नाही? मार्कमेमो उघडून बघणं अन् यातलं कुठं काय चालेल ते सांगणं, याचेच तर तुम्ही 18,000 घेतले.

खरं काय ते मला माझ्या जुन्या कॉलेजच्या ऑफिसात कळलं. तिथल्या क्लार्क सरांनी रजिस्टर काढून, नियम दाखवून समजावून सांगितलं, एक रुपया घेतला नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (एबीसीचे) नियम 2021 चे आहेत. त्यात सरळ लिहिलंय की जे विद्यापीठ पदवी देणार तिथूनच कमीत कमी 50 टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. तीन वर्षांची पदवी 120 क्रेडिटची धरली तर 60 तरी त्यांच्याकडंच करायचे. म्हणजे माझी दोन वर्षं दुसरीकडं नेली तर त्यातले काही क्रेडिट तिथं धरलेच जाणार नाहीत अन् पुन्हा जवळपास दीड वर्षाचा अभ्यास करावा लागेल. सहा महिने कुठून आले मग? अन् दुसरी गोष्ट ऐकून तर मला तिथंच रडू आलं, की मी माझ्याच विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला पुन्हा प्रवेश घेतला तर ट्रान्सफरचा प्रश्नच येत नाही, दोन्ही वर्षं जशीच्या तशी धरता येतात, फक्त दोन सेमिस्टर उरतात, नवीन अभ्यासक्रमाचं काय ते विद्यापीठ ठरवून देतं. हे पहिल्याच फोनवर सांगता आलं असतं. तुम्ही कामून सांगितलं नाही? त्यात तुमचं पॅकेज विकलं गेलं नसतं म्हणूनच ना.

एबीसी आयडीचं पण तसंच. तो डिजिलॉकरवर आधार टाकून फुकट निघतो, बारा आकडी नंबर असतो, माझ्या पुतण्यानं चहा होईपर्यंत मोबाईलवर काढून दाखवला. त्याचे 1,500! वर तुमचा माणूस म्हणाला होता की आम्ही तुमचे क्रेडिट ‘अपलोड’ करतो. क्रेडिट विद्यार्थी टाकू शकत नाही, एजंट टाकू शकत नाही, ते विद्यापीठच टाकतं. मग तुम्ही नेमकं काय अपलोड करणार होता?

आता परीक्षांबद्दल. तुम्ही मला एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीचे) आठ-आठ आठवड्यांचे दोन कोर्स घ्यायला लावले. कोर्स शिकायला फुकट आहे, सर्टिफिकेटच्या परीक्षेची फी एका कोर्सला 1,000, म्हणजे दोन हजाराच्या जागी पाच घेतले. तरी मी अभ्यास केला, दिवसभर कंपनीत कीबोर्ड बडवून आल्यावर रात्री लेकराला झोपवून दर आठवड्याच्या असाइनमेंट भरल्या, परगावच्या सेंटरला जाऊन परीक्षा दिली, दोन्ही पास झाले. असाइनमेंटला 25 पैकी अन् परीक्षेला 75 पैकी मार्क असतात, दोन्हीकडं वेगळं पास व्हावं लागतं, फुकटात मिळत नाही ते सर्टिफिकेट. आणि हातात काय पडलं? आठ आठवड्याच्या कोर्सला दोन क्रेडिट, तुम्ही पाच सांगितले होते. अन् ते दोन तरी कधी धरतात, तर आपल्या विद्यापीठानं तो कोर्स आधी मंजूर केलेला असला तर. एनपीटीईएलचे कोर्स ज्यावर असतात त्या स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलच्या 2021 च्या नियमानं एका सेमिस्टरच्या कोर्सपैकी 40 टक्क्यांपर्यंत असे ऑनलाइन घेता येतात, पण विद्यापीठाच्या यादीतले. तुम्ही दिलेले दोन्ही कोर्स कोणत्या विद्यापीठाच्या यादीत होते हे मी विचारलं तर आजपर्यंत नाव सांगितलेलं नाही. ज्या विद्यापीठाची पदवी मिळणार त्याचंच नाव नाही!

काउन्सेलर अमेरिकेचं उदाहरण सारखं द्यायचे, की तिकडं लोक नुसत्या परीक्षा देऊन डिग्री पूर्ण करतात. करतात, मी वाचलं नंतर. तिकडच्या कॉलेज बोर्ड या संस्थेची क्लेप नावाची परीक्षा आहे, 20 ते 80 मध्ये स्कोअर असतो, 50 ला क्रेडिट द्यावं अशी शिफारस असते, न्यू जर्सीच्या थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी नोकरी करणारी मोठी माणसं अशी पदवी घेतात. पण तिथं सुद्धा कोणती परीक्षा धरायची अन् किती क्रेडिट द्यायचे हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं, अन् माणूस आधी कॉलेजला विचारतो मग परीक्षेची फी भरतो. तुम्ही उलटं केलं, आधी फी, मग परीक्षा, अन् विद्यापीठ शेवटपर्यंत नाहीच.

पैशापेक्षा माझं वर्ष गेलं याचा जास्त त्रास होतोय. क्रेडिट बँकेत क्रेडिट सात वर्षंच टिकतात, त्यातलं एक तुमच्या ‘प्रोसेस सुरू आहे’ मध्ये गेलं. ह्या जूनला मी तिसऱ्या वर्षाला बसले असते.

माझं म्हणणं असं आहे की पूर्ण 24,500 रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पंधरा दिवसात परत करा. एनपीटीईएलची खरी फी दोन हजार कापायचं म्हणाल तर तेही मान्य नाही, कारण ते कोर्स तुम्ही निवडले, मी नाही. माझं आधार, मार्कमेमो, फोटो, सही तुमच्याकडं आहेत, ते डिलीट केल्याचं ईमेलवर कळवा. अन् तो चुकीचा रिपोर्ट रद्द केल्याचं लेखी द्या, उद्या माझ्या नावानं तो कुठं फिरायला नको. ज्या बी.एस्सी. च्या पोराचा तो रिपोर्ट आहे त्यालाही फोन करून सांगा, त्याच्याकडून पण पैसे घेतले असतीलच.

पंधरा दिवसात काही झालं नाही तर मी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार देणार अन् जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकणार. 2019 च्या कायद्यानं मी राहते तिथंच केस टाकता येते, पाच लाखापर्यंत फी लागत नाही, वकील पण सक्तीचा नाही. पुण्याला यायची मला गरज पडणार नाही, तुम्हाला जालन्याला यावं लागेल.

पैसे भरल्याच्या पावत्या, तो रिपोर्ट, दोन्ही सर्टिफिकेट अन् चॅटचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत. उत्तर ईमेलवरच द्या, फोनवर नको.

आपली ग्राहक,
जालना