उन्हाळी शिबिराचा संकल्प जुलैनंतरही टिकावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की नागपुरातील जलतरण तलावांवर उन्हाळी शिबिरांची गर्दी होते आणि ‘आमच्या मुलाला राष्ट्रीय स्पर्धेत उतरवायचे आहे’ असे सांगणारे पालकही भेटतात. महत्त्वाकांक्षा चांगलीच आहे. पण जुलैत शाळा-शिकवणीच्या वेळा ठरल्या की त्यांतील बरीच मुले सराव सोडतात आणि पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरला की उरलेलीही दिसेनाशी होतात. पहाटे पाण्यात उतरल्यावर आज नेमके काय करायचे, हे ‘राष्ट्रीय स्पर्धा’ या दोन शब्दांतून मुलाला कळत नाही.

जलतरणातले उद्दिष्ट घड्याळाच्या भाषेतच मांडावे लागते. भारतीय जलतरणपटू साजन प्रकाशने जून २०२१ मध्ये रोम येथे २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून टोकियो ऑलिंपिकची थेट पात्रता मिळवली. पात्रतेची वेळ होती १:५६.४८.

समजा, १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये मुलाची वेळ १ मिनिट १२ सेकंद आहे आणि ती १ मिनिट ९ सेकंदांवर आणायची आहे. काठावरून नुसते ‘जोर लाव’ ओरडून हे तीन सेकंद निघत नाहीत. २५ मीटरच्या तलावात या अंतरात तीन टर्न, म्हणजे भिंतीशी उलट वळणे, येतात. भिंत जवळ आली की मान वर काढून ती पाहायची आणि भिंतीला पाय मारताच पहिल्याच हाताला श्वास घ्यायचा, या दोन सवयी मोडल्या तरी प्रत्येक टर्नला थोडा थोडा वेळ वाचतो. मग महिनाभराचे काम ठरते: सरावाच्या शेवटी, अंग थकलेले असताना, रोज दहा टर्न, मान खाली ठेवून. ते झाले की नाही, याची नोंद मुलाने स्वतः वहीत करावी. (ही वही तरी पालकांनी भरून देऊ नये, शाळेच्या प्रकल्पांचे तेवढे पुरे आहे.)

वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. तरीही रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात नोकरी करणाऱ्या दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मिडलेचे (एकाच शर्यतीत पोहण्याचे चार प्रकार) सुवर्णपदक जिंकले, हे या शहराने विसरू नये.

तलाव चालविणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी सकाळी एक लेन राखून ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्यांची वेळ घेऊन ती फलकावर लावावी. शिबिराच्या प्रवेश अर्जातच आणखी एक रकाना असावा: जुलै ते मार्च या काळात मूल कोणत्या वारी, किती वाजता सरावाला येणार आणि त्याला घेऊन कोण येणार.

आपला,
एक पालक, प्रतापनगर, नागपूर