महत्त्वमापनाची उदाहरणं सोडवताना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

सूत्रं पाठ आहेत, तरी घनफळ-पृष्ठफळाच्या उदाहरणांत मार्क जातात, असं तू म्हणालीस. चूक बहुतेक वेळा सूत्राच्या आधीच झालेली असते. आकृती न काढता आकडे भरायला घेतले की ती होते. एक उदाहरण सावकाश बघू.

अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं आहे. दोन्हींची त्रिज्या ६ सेमी, खेळण्याची एकूण उंची १४ सेमी. आकृती काढलीस की दिसेल, १४ पैकी ६ सेमी अर्धगोलाचेच आहेत, कारण त्याची उंची म्हणजे त्याची त्रिज्याच. शंकूला उरतात ८. पण वक्रपृष्ठफळाला ही ८ चालत नाही, तिथे तिरकस उंची लागते, म्हणजे टोकापासून तळाच्या कडेपर्यंतचं अंतर. ६ आणि ८ चे वर्ग ३६ आणि ६४ मिळून १००, त्याचं वर्गमूळ १०. मग शंकूचं वक्रपृष्ठफळ π × ६ × १० = ६०π आणि अर्धगोलाचं २ × π × ३६ = ७२π. एकूण १३२π, म्हणजे π ३.१४ धरून ४१४.४८ चौसेमी.

इथे पुष्कळ मुलं दोन्ही आकारांची एकूण पृष्ठफळं मिळवून मोकळी होतात: ९६π आणि १०८π, म्हणजे २०४π. जास्तीचे ७२π आले कुठून? शंकूचा तळ ३६π, अर्धगोलाचं सपाट तोंड ३६π. ती दोन्ही एकमेकांना चिकटून आत गेली आहेत. खेळणं रंगात बुडवलं तर जिथे रंग लागेल तेवढंच पृष्ठफळ धरायचं, बाकीचं सोडून द्यायचं.

घनफळात ही भानगड नाही, तिथे सरळ बेरीज. फक्त आता शंकूची लंब उंची ८ घ्यायची: ९६π + १४४π = २४०π घसेमी. (९६π वरही आले होते, तो निव्वळ योगायोग. ते चौसेमी होते, हे घसेमी आहेत.)

वितळवून नवी वस्तू करायची असेल तर घनफळ तेवढंच राहतं, पृष्ठफळ बदलतं. ६ सेमी त्रिज्येच्या गोलाचं घनफळ २८८π. त्याची ४ मिमी व्यासाची तार काढली, तर तारेची त्रिज्या ०.२ सेमी, छेदाचं क्षेत्रफळ ०.०४π. भागाकार केला की π उडून जातो आणि लांबी ७२०० सेमी, म्हणजे ७२ मीटर येते. व्यासालाच त्रिज्या समजलीस तर येतील १८ मीटर, कारण त्रिज्येचा वर्ग होतो आणि दुपटीची चूक चौपट होते. म्हणून π ची किंमत शेवटच्या ओळीपर्यंत घालू नकोस, आणि एककं पहिल्याच ओळीत सारखी करून घे.

गोलाचं उत्तर पडताळायला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेला नियम मला फार आवडतो: पृष्ठफळाला व्यासाने गुणून ६ ने भागायचं. वरच्या गोलाचं पृष्ठफळ १४४π, व्यास १२. उत्तर २८८π. जुळलं! गोलाचे केंद्रापर्यंत जाणारे असंख्य बारीक सुळके कल्पिले, तर प्रत्येकाचं घनफळ तळाच्या क्षेत्रफळाच्या आणि उंचीच्या गुणाकाराचा तिसरा भाग, आणि उंची म्हणजे त्रिज्या. नियम त्यातूनच निघतो.

शंकुछेदात, म्हणजे टोक कापलेल्या शंकूत, सरासरी त्रिज्या घेऊन वृत्तचितीचं (सरळ नळकांड्याचं) सूत्र वापरायचा मोह होतो. तसं करू नकोस. बादलीच्या त्रिज्या १४ आणि ६ सेमी, उंची १५ सेमी असेल, तर सरासरी १० धरून १५००π येतात. खरं घनफळ १/३ × π × १५ × (१९६ + ३६ + ८४) = १५८०π घसेमी. पत्रा किती लागेल असं विचारलं तर तिरकस उंचीसाठी त्रिज्यांची वजाबाकी घे, ८. आणि वक्रपृष्ठफळासाठी बेरीज, २०. बादलीला झाकण नसतं, त्यामुळे फक्त खालचं ६ सेमी त्रिज्येचं वर्तुळ मिळवायचं. तू स्वतः सोडवून बघ, ३७६π चौसेमी यायला हवेत.

तुझी,
आई